दाब बरोबर, तरी पाय जड

साठीनंतर पाय लवकर दमायला लागतात. चढ आला की पोटऱ्या भरून येतात, बराच वेळ बसून उठलं की पहिली पावलं नीट पडत नाहीत, थंडीत तळपाय रात्रभर गार राहतात. याचं निदान बहुतेक घरांत चहाच्या वेळीच होऊन जातं: वय झालं आता. मला तेवढ्यावर समाधान वाटेना. वय झालं हे खरंच, पण म्हणजे पायात नेमकं काय झालं, ते मोजता येतं का आणि त्यातलं काही परत मिळतं का, हे मला हवं होतं. गेल्या पावसाळ्यापासून मी त्याच्याच मागे होते. जे समजलं आणि अंगाने अनुभवलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या वयाच्या बायका हे दुखणं डॉक्टरांपर्यंत नेतच नाहीत. गुडघा दुखला तर नेतात, पाय जड झाले तर नाही.

मी ६७ वर्षांची. नाशिकला पंचवटीत राहते, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मधुमेह नाही, मिश्रीची सवय कधी नव्हती, रक्तदाबाची एक गोळी सकाळी घेते. पंचवटीत राहणाऱ्याला चढउतार चुकत नाहीत. बुधवारचा बाजार गोदाघाटावर भरतो आणि भाजीच्या पिशव्या घेऊन मालेगाव स्टँडकडे वर यायचं म्हणजे चढ आलाच. त्या चढावर माझ्या दोन्ही पोटऱ्या जड होऊ लागल्या. दुखणं म्हणावं तर कळ नव्हती, धाप म्हणावी तर श्वास ठीक होता. पाय उचलेनासे व्हायचे. बाजूला उभं राहून थोडं थांबलं की पुन्हा चालता यायचं. आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. घरातून निघाल्यावर पहिली दहा मिनिटं सर्वांत वाईट जायची, मग पाय हळूहळू मोकळे व्हायचे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हे दोन्ही नीट ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला जो मला फार महत्त्वाचा वाटला: "उभं राहून बरं वाटतं की बसावंच लागतं? पुढे वाकलं की आराम पडतो का?" मणक्यातली जागा अरुंद होऊन नसा दाबल्या जात असतील तर नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. रक्त कमी पडत असेल तर उभं राहिलं तरी पाय निवतात. मला उभं राहून बरं वाटत होतं, म्हणजे मणक्याचा संशय मागे पडला. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन अशा तपासण्या झाल्या. झोपून आणि उभं करून असा दोनदा रक्तदाब घेतला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तोही वयाबरोबर येणारा एक त्रास असतो. माझा तेवढा उतरला नाही. बी-१२ जरा कमी निघालं, बाकी सगळं ठीक. त्यांनी मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

तिथली पहिली तपासणी म्हणजे घोटा आणि दंड यांच्या दाबाची तुलना. तिला एबीआय म्हणतात. आधी दहा मिनिटं सपाट झोपवून ठेवतात, कारण चालून आल्या आल्या मोजलं तर आकडे फसवतात. मग दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या जरा वर रक्तदाबाचे पट्टे बांधतात. कानाला स्टेथोस्कोप लावत नाहीत. हातात पेनासारखं एक छोटं डॉपलर यंत्र असतं, वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं; त्याच्या टोकाला थंडगार जेल लावून ते घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या बाजूला टेकवतात. खोलीत आपल्याच रक्ताचा आवाज यायला लागतो, हुश्श, हुश्श. तंत्रज्ञ ताईंनी पट्टा फुगवत नेला तसा आवाज विरळ होत बंद पडला. आणखी थोडा फुगवून त्यांनी हवा हळूहळू सोडली, आणि ज्या आकड्यावर आवाज परतला तो वहीत लिहिला. तो त्या धमनीचा दाब. घोट्याचा मोठा आकडा भागिले दंडाचा मोठा आकडा, एवढंच गणित. माझे १४६ आणि १३८, म्हणजे १.०६. हा भागाकार ०.९० किंवा त्याहून कमी आला तर पायाच्या मोठ्या धमन्यांत अडथळा आहे असं समजतात. १.०० ते १.४० हा चांगला पट्टा, आणि १.४० च्या वर गेला तर तेही चांगलं लक्षण नसतं. त्याचं कारण पुढे येईलच, कारण ते आमच्या घरातच निघालं.

बसल्या जागी ठीक असलेला आकडा चालल्यावर घसरू शकतो, म्हणून मला ट्रेडमिलवर चालवून पुन्हा मोजलं. फारसा घसरला नाही. मग पायाच्या अंगठ्याला बोटभर रुंदीचा पट्टा लावून तिथलाही दाब घेतला. अंगठ्याचं दंडाशी प्रमाण ०.७० च्या वर असावं लागतं, माझं ०.७४ आलं. शेवटी रंगीत डॉपलर, म्हणजे धमन्या आणि त्यांतलं वाहतं रक्त पडद्यावर दाखवणारी सोनोग्राफी. मांडीपासून घोट्यापर्यंत धमन्यांच्या भिंती वयाप्रमाणे थोड्या जाड झाल्या आहेत, पण रस्ता कुठेही अडलेला नाही असा रिपोर्ट.

बरोबर आलेली भाची म्हणाली, "मावशी, सुटलीस! सगळं नॉर्मल आहे." मला आनंद झालाच, कारण अडथळा निघाला असता तर पुढे अँजिओग्राफी आणि बलूनच्या गोष्टी सुरू झाल्या असत्या. पण पोटऱ्या तशाच जड होत्या. मी डॉक्टर मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं. त्या वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, पण त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, "काकू, आपण आत्तापर्यंत मोठे रस्ते तपासले. स्नायूला रक्त किती मिळणार हे मात्र गल्लीत ठरतं, आणि गल्ली या मशीनवर दिसत नाही."

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. हृदयाकडून आलेली धमनी फांद्या फुटत फुटत बारीक होते. अगदी शेवटच्या बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायूचं कडं असतं. ते आवळलं की वाट अरुंद, सैल पडलं की रुंद. त्यांच्या पुढे केशवाहिन्या, इतक्या अरुंद की तांबड्या पेशींना एकामागून एक, एका ओळीतच जावं लागतं. ऑक्सिजन स्नायूत उतरतो तो इथे. बारीक धमनीच्या रुंदीत किंचित फरक पडला तरी प्रवाह खूप बदलतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली तर दाब तोच राहूनही प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. ते गणित मी तिथेच बोटाने मांडीवर करून पाहिलं आणि मला पहिल्यांदा माझा चढ समजला.

बसलेल्या माणसात हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा सगळ्या स्नायूंना जातो. जोराच्या श्रमात हृदय स्वतःच कितीतरी जास्त रक्त फेकतं आणि त्यातला ८० टक्क्यांहून अधिक वाटा स्नायूंकडे वळतो. हे वळवणं कडी सैल पडल्यामुळे होतं. तरुण वयात काम सुरू झाल्यावर काही सेकंदांत कडी उघडतात. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि तो भिंतीतल्या स्नायूला ढिला करतो. वाढत्या वयात हा वायू पुरेसा हाती लागत नाही. तयार कमी होतो आणि झालेलाही शरीरातले ऑक्सिजनचे उपद्रवी कण लवकर संपवतात. दुसरीकडे, वाहिन्या आवळा असा मज्जातंतूंचा हुकूम वयाबरोबर वाढत जातो. तरुण स्नायू काम करत असताना हा हुकूम आपल्यापुरता बाजूला सारतो. आपल्या वयात स्नायूची ती ताकद उतरते. हुकूम चालूच राहतो आणि चढावर पोटरीला रक्त हवं असतं तेव्हाच वाट अर्धवट उघडलेली असते. उघडायला वेळही जास्त लागतो. माझी पहिली दहा मिनिटं वाईट का जायची, ते इथे उलगडलं. त्यातच बैठं राहणं वाढलं की स्नायूच्या तंतूंभोवतालच्या केशवाहिन्या विरळ होतात, आणि तंतूही बारीक होतात.

हे ऐकताना मला वर्ग आठवत होता. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरतं हे सिद्ध केलं, पण धमनीतून शिरेत ते जातं कसं हे त्यांना दिसलं नव्हतं. मार्सेलो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि मधली जागा भरली. एवढं मी दरवर्षी शिकवत असे. त्यापुढचं पाठ्यपुस्तकात नव्हतं. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांना १९२० मध्ये नोबेल मिळालं ते स्नायूतल्या केशवाहिन्यांचा प्रवाह कामाप्रमाणे कसा वाढतो यावर. केशवाहिन्या स्वतःच उघडतात-मिटतात असं त्यांचं मत होतं, नंतरच्या संशोधनाने मुख्य सूत्रं त्यांच्या अलीकडच्या बारीक धमन्यांच्या हाती असल्याचं दाखवलं. आणि नायट्रिक ऑक्साइड हा निरोप्या आहे हे शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं ते तर १९९८ मध्ये, मी रोज फळ्यापुढे उभी असताना. आठवीच्या मुलांना हे सांगायला हवं होतं असं आता फार वाटतं. आजीचे पाय का दमतात याचं उत्तर त्यात आहे.

ऑक्टोबरची छाटणी उरकून पिंपळगावहून दादा आला होता. त्याला रिपोर्ट वाचून दाखवला तर तो लगेच म्हणाला, "म्हणजे मेन लाइनचं प्रेशर बरोबर आहे आणि ड्रिपर पडत नाहीत." द्राक्षवाल्याला हे सांगावं लागत नाही. ठिबकच्या फिल्टरपाशी गेजवर काटा जागेवर असतो, लॅटरल, म्हणजे वेलींच्या ओळीतली नळी, फुगलेली असते आणि टोकाच्या वेली तहानलेल्या. त्याच्या ड्रिपरमध्ये क्षार साठतो, ॲसिड सोडून तो धुता येतो. माझ्या पायात काहीही साठलेलं नव्हतं, म्हणून धुवायचं औषधही नव्हतं. हा फरक मी त्याला मुद्दाम समजावला, कारण रक्तवाहिन्या साफ करण्याचे काढे विकणारे आमच्या भागात कमी नाहीत आणि वहिनीने एकाचा नंबरही आणला होता. अडकलेलं असतं तर साफ करायचा प्रश्न आला असता. इथे वाट उघडायची सवय गेली होती, आणि सवय लावायची तर रक्त पुन्हा पुन्हा जोराने त्या वाटेने न्यायला हवं. वाहतं रक्त अस्तराला घासून जातं, त्या घासण्यानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. हे नियमित होत राहिलं तर काही महिन्यांत स्नायूत नव्या केशवाहिन्याही फुटतात, म्हाताऱ्या माणसातसुद्धा. मॅडमनी औषधाच्या कागदावर औषध लिहिलं ते बी-१२ चं. खाली लिहिलं: फिजिओथेरपी, १२ आठवडे.

फिजिओथेरपिस्ट मुलाने आधी माझी पातळी ठरवली. सहा मिनिटं चालण्याची चाचणी दिसायला साधी, पण नियमाने घेतात. ३० मीटरचा सरळ पॅसेज, दोन्ही टोकांना शंकू, पळायचं नाही, बोलायचं नाही, सहा मिनिटांत जितकं जमेल तितकं चालायचं. थांबायची मुभा असते, घड्याळ मात्र थांबत नाही. मी ३७८ मीटर चालले. मग हात छातीशी बांधून खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजलं. माझं ९ आलं. माझ्या वयाच्या बाईला निदान ११ तरी यावेत असं त्याने सांगितलं. हाताची पकडही यंत्रावर पाहिली.

व्यायाम कसा करायचा यात त्याने जे बारकावे सांगितले ते मला कुठल्याच सकाळच्या ग्रुपमध्ये ऐकायला मिळाले नव्हते. पहिली दहा मिनिटं सपाटीवर, अगदी सावकाश, कारण वाहिन्यांना उघडायला वेळ द्यायचा. मग चढ. शून्य ते दहा या मापावर पायांचं जडपण चार-पाचला आलं की थांबायचं, उभ्यानेच, आणि ते एक-दोनवर उतरलं की पुन्हा निघायचं. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीन-चार दिवस. मी विचारलं, जडपण येऊच न देता हळू चाललं तर? तो म्हणाला, "काकू, पायाने रक्त मागितलंच नाही तर वाट कशाला उघडेल?" उलट बाजूनेही त्याची ताकीद होती. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर यातलं काही झालं तर पायांचा विचार सोडून थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. सुरुवातीलाच ईसीजी आणि इको करून घेतला होता तो यासाठीच.

घरी टाचा उचलायच्या. ओट्याला हात टेकवून दोन आकड्यांत वर, दोन आकड्यांत खाली. वर जाऊन आखडून धरायचं नाही आणि श्वास कोंडायचा नाही. पोटरी आवळलेली असते तेव्हा तिच्यातल्या वाहिन्याही दाबल्या जातात, आतलं जुनं रक्त शिरांतून वर ढकललं जातं आणि सैल सोडल्यावर नवं रक्त आत येतं. सोडण्याचा क्षण महत्त्वाचा, तो घाईत चुकवायचा नाही. दूध तापत ठेवलं की मी टाचा सुरू करायची. दूध वर येईपर्यंत पोटऱ्यांत हलकी ऊब पसरलेली जाणवायची, तळव्यांपर्यंत. पहिले काही आठवडे तेवढीच काय ती पावती होती.

चालायला मी घाटच धरला. घरून उतरून रामकुंडावर, गांधी तलावाच्या कडेने दुतोंड्या मारुतीपर्यंत सपाटीची दहा मिनिटं होतात. परत फिरून होळकर पूल ओलांडला की रविवार कारंजाकडे चढ लागतो. तो माझा सरावाचा चढ. पर्वणी, गर्दी, पुराचं पाणी असलं की मखमलाबाद रोडला जायची, पण सपाट रस्त्याने काम होत नाही हे दोन दिवसांत कळतं.

डिसेंबरने खोळंबा केला. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागतात तेव्हा नाशिकलाही पहाटे बाहेर पडवत नाही. गारठ्यात कातडीखालच्या वाहिन्या आवळतात, तो शरीराचा ऊब राखण्याचा मार्ग आहे. आधीच हुकूम जास्त, त्यात थंडी. पाय सुरुवातीच्या जडपणातून बाहेरच येईनात आणि रक्तदाबही सकाळी चढलेला दिसायला लागला. मग वेळ बदलून कोवळं ऊन पडल्यावर निघायला लागले. लोकरीचे मोजे, घोट्यापर्यंत पायजमा, निघण्याआधी घरातच टाचा. पहाटेच चालायला हवं हा आपल्याकडचा आग्रह म्हाताऱ्यांच्या हिवाळ्यासाठी योग्य नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

खाण्याबद्दलही सांगते. स्नायू झिजत असताना प्रथिनं कमी पडली तर व्यायाम वाया जातो. वयस्कर माणसाला किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतात. माझं वजन ५८, म्हणजे ५८ ते ७० ग्रॅम. चार दिवस खाल्लेलं लिहून काढलं तर मी त्याच्या निम्म्याच्या जरा पुढे होते. वरणाची वाटी आपल्याला वाटते तितकं देत नाही. मूत्रपिंड ठीक असल्याचं क्रिएटिनिनवरून कळलेलं होतं, म्हणून मॅडमनी वाढवायला हरकत घेतली नाही. दोन्ही वेळा मटकी किंवा मुगाची उसळ, घट्ट दही, एक दिवसाआड अंडी असं सुरू केलं. बिटाचा रस हल्ली फार चालतो. बीट, पालक, मेथी यांत नायट्रेट असतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्याचंच नायट्रिक ऑक्साइड बनतं, इथपर्यंत खरं आहे. म्हणूनच जंतू मारणाऱ्या माउथवॉशने रोज गुळण्या केल्या तर ही साखळी तुटते. पण रसाने म्हाताऱ्या पायांना किती बळ येतं याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मी कोशिंबिरीत बीट खाते, पेला भरून रस पीत नाही. यांना पूर्वी मुतखडा झाला होता, त्यामुळे घरात बीट-पालकाचा मारा तसाही परवडणारा नव्हता.

बारा आठवड्यांनी त्याच पॅसेजमध्ये, त्याच शंकूंमधून चालवलं. ४३६ मीटर. खुर्चीतून उठणं ९ वरून १३. सहा मिनिटांच्या चाचणीत ३० मीटरच्या आसपास वाढ झाली तरी ती माणसाला रोजच्या जगण्यात जाणवते असं मानतात, आणि मला जाणवत होतंच. रविवार कारंजाचा चढ मी बोलत बोलत चढायला लागले होते. एबीआय पुन्हा मोजला तर १.०५. अंगठ्याचा ०.७६. मॅडम म्हणाल्या, हे दोन्ही आकडे पहिल्यासारखेच समजायचे, एवढा फरक दोन मोजण्यांत पडतोच. मोठे रस्ते होते तसेच आहेत.

मग बदललं काय? मी त्यांना हे विचारलं, कारण विज्ञान शिकवलेल्या माणसाने श्रेय घाईने वाटू नये. त्यांनीही घाई केली नाही. बारीक धमन्या चांगल्या उघडत असतील, केशवाहिन्या वाढल्या असतील, तंतूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा सुधारली असेल, पोटरीत जोर आला असेल, आणि चालण्याची भीती गेल्यामुळे पाऊल लांब पडत असेल. हे सगळं एकत्र घडतं. केशवाहिन्या खरोखर मोजायच्या तर स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, आणि चालणाऱ्या बाईचा तुकडा नुसत्या कुतूहलासाठी कुणी काढत नाही. मला हे उत्तर पटलं.

सगळं परत आलेलं नाही. पहिली दहा मिनिटं आजही सावकाशच न्यावी लागतात. जेवल्यावर लगेच चढ चढवत नाही, कारण तेव्हा पोट रक्त मागत असतं आणि दोन्हीकडे पुरवणं शरीराला जड जातं. पांडवलेण्यांच्या पायऱ्या पूर्वी एका दमात व्हायच्या, आता मध्ये दोनदा थांबते. मध्यंतरी लग्नसराईत दोन-तीन आठवडे सराव सुटला तर जडपण लगेच डोकावून गेलं. जे मिळतं ते करत राहण्यावरच टिकतं.

माझं सगळं होत आल्यावर मी यांची तपासणी करायला लावली. त्यांना मधुमेह पुष्कळ वर्षांपासून आहे. पाय दुखतात का विचारलं तर "छे, मला काही नाही" असं ठरलेलं उत्तर. ते चालतातच इतकं कमी की पायांनी तक्रार करावी अशी वेळ येत नाही, आणि मधुमेहात संवेदनाही बोथट होतात. त्याच ताईंनी त्यांच्या घोट्याला पट्टा बांधला. पट्टा फुगत गेला, फुगत गेला, आवाज काही बंद पडेना. भागाकार आला १.४६. भाचीला वाटलं, काकांचे पाय मावशीपेक्षा मजबूत! ताईंनी मान हलवली. मधुमेहात आणि वाढत्या वयात घोट्याच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, भिंत कडक होते, पट्ट्याने दाबलीच जात नाही आणि दाब खोटा वाढलेला दिसतो. आत रक्त किती वाहतं याच्याशी त्या आकड्याचा संबंध उरत नाही. अशा वेळी अंगठ्यावर विसंबायचं, कारण त्याच्या बारीक वाहिन्यांत हे कॅल्शियम सहसा बसत नाही. यांचा अंगठा ०.५८ निघाला. रंगीत डॉपलरमध्ये गुडघ्याखाली अरुंद झालेल्या जागा दिसल्या.

त्यांना कोलेस्टेरॉलची आणि रक्ताची गाठ होऊ न देणारी अशा गोळ्या सुरू झाल्या, साखरेचं औषध बदललं आणि माझ्याच फिजिओथेरपिस्टकडे चालणं सुरू झालं. वैशाखात काळारामाच्या आवारातली फरशी तापते, तिथे अनवाणी पाय टेकवायला मॅडमनी त्यांना सक्त मनाई केली आहे. भाजलं तरी कळणार नाही आणि झालेली जखम भरायला रक्त पुरणार नाही, म्हणून ते जाड मोजे घालून दर्शनाला जातात. रोज रात्री तळपाय आणि बोटांमधल्या फटी बघायच्या, टाचेची मागची बाजू मी बघते. न भरणारी जखम, बोटाला काळपट डाग, रात्री झोपेतून उठवणारी पायाची कळ, एकच पाय अचानक गार किंवा पांढरा पडणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता निघायचं, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं आहे. खाली हॉस्पिटलचा नंबर आणि रिक्षावाल्याचा नंबर.